दसऱ्याआधीचा दसरा

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, एका पावसाळ्याच्या शेवटी आपली नजर राखून ठेवली होती. लोक बियाणं राखून ठेवतात तशी. साखरेच्या पट्ट्यात जन्माला आला आणि साखरेचाच आजार घेऊन आला. लहानपणापासून इंजेक्शनं. उजवा डोळा आधीच गेला होता, डाव्यात अधूनमधून रक्त उतरायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी लेसर मारून पाहिलं आणि शेवटी सांगून टाकलं, की हा डोळा किती दिवस साथ देईल ते सांगता येणार नाही. डोळा वापरल्यानं झिजत नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं होतं. दादाला ते पटलं नाही. त्यानं वाचन बंद केलं, टीव्ही बंद केला, जेवतानासुद्धा डोळा मिटून घास घ्यायला लागला. मला राग यायचा. मी म्हणायचे, अरे, डोळा म्हणजे काय रॉकेलचा दिवा आहे का, वात बारीक करून ठेवायला.

ही बचत कशासाठी होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे मला आणि आईला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. इंदापुरात हायवेपासून जरा आत आमचं तीन खोल्यांचं घर, आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत दादाचा संसार: सेकंडहँड घेतलेला फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर, वायरींची भेंडोळी आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगाराच्या वजनावर आणलेला एक हिरवा सर्किट बोर्ड. कुठल्यातरी मोडीत काढलेल्या मशीनमधला. पुण्यात कंपनीत होता तेव्हा दादा असलेच बोर्ड बनवायचा. डोळ्यामुळे नोकरी सोडून घरी आला, तेव्हा कपड्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि हा बोर्ड जास्त जपून आणलेला.

त्या बोर्डासाठी त्यानं स्वतः एक कर्नल लिहिला होता. यंत्राला वीज मिळाली की सगळ्यात आधी जागा होतो आणि मग बाकीच्या प्रोग्रामना कामाला लावतो, तो मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल. जगात असे कितीतरी होते, दादाच्या कॉम्प्युटरवर सीडीवरून घातलेलं लिनक्स होतंच. पण हा त्याचा होता, पहिल्या ओळीपासून. आई विचारायची, ह्याचा उपयोग काय. तो सांगायचा, पुढे विहिरीवरच्या मोटारी चालवायला लावीन, अजून कशाला लावीन. मला तरी ते आईच्या समाधानासाठी सांगितल्यासारखं वाटायचं. त्याला खरं हवं होतं ते एवढंच, की बोर्डाला वीज द्यावी आणि जोडलेल्या जुन्या पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ उमटावी, ‘मी उठलो’. ती ओळ त्याला स्वतःच्या डोळ्यानं बघायची होती. त्यानंतर डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, असं तो म्हणाला होता, आणि आईनं ते ऐकून पदर तोंडाला लावला होता.

म्हणून चुका वाचायचं काम माझ्याकडे आलं. चुकांवर डोळा खर्च करायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. मी बी. एस्सी. झालेली, तीही वनस्पतिशास्त्रात. पानांच्या शिरा ओळखू आल्या तरी कॉम्प्युटरचा आणि माझा संबंध धूळ पुसण्यापुरताच. दादानं मला शिकवलं ते आईच्या शिवणयंत्राच्या भाषेत. बोर्डाला ना डिस्क ना कीबोर्ड, त्यामुळे त्याचा प्रोग्राम त्याच्यावर तयार होऊ शकत नाही. तो आपल्या कॉम्प्युटरवर तयार करायचा, पण त्या परक्या बोर्डाच्या मापानं. कंपायलर म्हणजे मापानुसार कापड बेतून तुकडे कापणारा, आणि लिंकर म्हणजे ते तुकडे जोडून अंगरखा शिवणारा. बाही कापलेलीच नसेल, किंवा बाहीवर दुसऱ्याच अंगरख्याची खूण असेल, तर लिंकर हात वर करतो आणि सांगतो, मला अमुक नावाचा तुकडा सापडला नाही. तेवढंच मला पडद्यावरून वाचून दाखवायचं होतं. वरचं बाकीचं सगळं सोडून दे, एरर असलेली ओळ तेवढी वाच, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं.

तो पहिला दिवस पडला पितृपंधरवड्यात. आमच्याकडे त्याला म्हाळाचे दिवस म्हणतात. दादाला दम निघत नव्हता, आणि आईनं दारातच ठिय्या दिला.

“म्हाळाच्या दिसांत नवं काय काढायचं न्हाय,” ती म्हणाली. “पितरं दारात हायती. दसरा येऊ दे, मग काय ते कर.”

आईला हे म्हणण्याचा अधिकार होता. आमच्या आजोळी कऱ्हाटीला पूर्वी मेंढरं होती, तेव्हापासून कळप हलवायचा तर दिवस बघून, लोकर कातरायची तर दिवस बघून. मेंढरं गेली, शेती आली, मामानं बारामतीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं दुकान टाकलं, पण दिवस बघणं गेलं नाही. दादा तिच्याशी वाद घालत बसला नाही. वादानं आई हलत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो खुर्चीवर बसला, मला एक कमांड टाइप करायला सांगितली आणि कॉम्प्युटरची तारीख पुढे नेऊन दसऱ्यावर ठेवली.

“आई, मशीनच्या हिशेबानं आज दसरा हाय,” तो म्हणाला. “त्याला दुसरं पंचांग म्हायती न्हाय.”

आईनं पडद्याकडे पाहिलं. तिला अक्षरं वाचता येत होती, आकडेही. तारीख खरोखर दसऱ्याची होती. ती हसली आणि हळदकुंकू घेऊन आली. आम्हीही हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिघं एकदम हसलो होतो, म्हणून मला ती सकाळ चांगली लक्षात आहे. मशीनच्या त्या दसऱ्याला आम्ही पहिलं काम केलं. त्या बोर्डाच्या प्रोसेसरला मोठ्या आकड्यांचा गुणाकार, भागाकार स्वतःहून येत नाही. त्यासाठी दादानं छोट्या छोट्या मदतनीस फाइली लिहिल्या होत्या, त्या वेगळ्या कप्प्यात ठेवून कंपाइल केल्या. मग कर्नल. मग सगळं जोडायला घेतलं, आणि लिंकरनं पहिली तक्रार केली: गुणाकाराचा तुकडा सापडत नाही.

दादा म्हणाला, एवढंच ना. नावापुढे आडवी रेघ एक कमी पडलीय, उद्या घालू. दुसऱ्या दिवशी त्यानं कॉम्प्युटरची तारीख पुन्हा खरी केली, कारण खोट्या तारखेवर काम करायला त्याला बरं वाटेना. मी फाइल उघडली, रेघ घातली, पुन्हा चालवलं. तीच तक्रार. त्यानं रेघ काढायला सांगितली, मग दोन घालायला सांगितल्या, मग पुन्हा एकच ठेवायला. तीच तक्रार. मी वाचायचे, “अनडिफाइन्ड रेफरन्स”, आणि पुढचं नाव एकेक अक्षर करून. तो डोळा मिटून ऐकायचा. दोनतीन दिवसांत ती ओळ मला इतकी पाठ झाली, की पडदा न बघता मी म्हणू शकले असते.

तसे ते दिवस पुढे सरकले. फाइल आहे का? आहे. त्यात नाव आहे का? आहे. बरोबर आहे का? बरोबर आहे. मग जोडताना का सापडत नाही? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार हे ठीक, पण इथे आडात होतं, मी डोळ्यांनी बघत होते, आणि पोहरा रिकामाच वर येत होता. दादानं कर्नलच्या कप्प्यातल्या सगळ्या तयार फाइली, म्हणजे कापलेले तुकडे, पुसून परत करायला लावल्या. केल्या. पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडून एकदा म्हणाले, तुझा हा कर्नल मुळात कुणाला उठवणारच नसेल. तो म्हणाला, तू फक्त वाच. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर आवाज चढवला, तिचा काही संबंध नसताना.

मग दादाला संशय आला, की कंपायलरच वाकडा आहे. हा परक्या बोर्डासाठी कापणारा कंपायलर बाजारात तयार मिळत नव्हता, सीडीवरच्या सोर्समधून, म्हणजे मूळ मजकुरातून, दादानं तो स्वतःच बांधून घेतला होता. पुण्याहून आल्या आल्या, डोळा जरा बरा असताना. तो पुन्हा बांधायचा तर फोर-एटी-सिक्सवर दिवसभर लागे. आणि इंदापुरात दिवसभर सलग वीज म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. सकाळी लावावं, दुपारी लाइट जावी. परत लावावं, परत जावी. एकदा वीज अशी गेली, की आल्यावर कॉम्प्युटर डिस्क तपासत तासभर नुसता घरघरत राहिला. दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. आईनं माठातल्या गार वाळूतून इन्सुलिनची बाटली काढली आणि त्याचं इंजेक्शन त्याला दिलं.

शेवटी ठरलं, मशीन उचलायची आणि बारामतीला मामाच्या दुकानात न्यायची. तिकडे कारखान्यांच्या लाइनवर वीज क्वचितच जायची. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला, कॉम्प्युटरचा डबा पोत्यात घालून दादाच्या पायाशी, आणि एसटीत बसलो. कंडक्टरला वाटलं टीव्ही आहे, तो म्हणाला, भारी हाय की, रंगीत का? रस्ताभर दादानं डोळा मिटलेला ठेवला. खिडकीबाहेर निमगाव केतकी गेलं, उसाचे फड गेले. भवानीनगर आलं तेव्हा त्यानं विचारलं, साखर कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतोय का. अजून हंगाम सुरू व्हायचा होता, धूर कुठला. मी नाही म्हणाले. लहानपणी ती चिमणी आधी कुणाला दिसते यावर आमची भांडणं व्हायची, आणि आता तो ती बघायलाही नजर खर्च करत नव्हता. मला रडू आलं, आणि मांडीवर मॉनिटर असल्यामुळे डोळे पुसताही येईनात.

मामाच्या दुकानात जळक्या वॉर्निशचा वास आणि सगळीकडे तांब्याच्या तारा. मामानं एक कोपरा रिकामा करून दिला. त्याला कशातलं काही कळत नव्हतं आणि त्यानं तसं दाखवलंही नाही. चहा आणायचा, दादाच्या पाठीवर हात फिरवायचा आणि सांगायचा, “भाच्या, डोळं बरं हुत्यात बघ तुझं. कालच्यापरीस आज तेज हाय.” काल त्यानं दादाला पाहिलंसुद्धा नव्हतं. वीज गेली नाही. दोन दिवस मुक्काम करून कंपायलर पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बांधून झाला. तिथेच बसून दादानं कर्नल पुन्हा कापून जोडायला सांगितला. पडद्यावर भराभर ओळी गेल्या आणि शेवटी तीच, पाठ झालेली. दादा म्हणाला, वाच की. मी म्हणाले, तेच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही, पण चोर कुठे होता ते कळत नव्हतं.

परत येताना मशीन मामाच्या ओळखीच्या टेम्पोत टाकली. दादा म्हणाला, मला आता काही सुचत नाही. हे वाक्य त्याच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. दहावीला, डिप्लोमाला, कंपनीत, सगळीकडे त्याला काही ना काही सुचायचं. मी त्याला धीर द्यायला हवा होता, पण माझ्याकडेच तो नव्हता.

घटस्थापनेच्या सकाळी आई पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरत होती. दादा खाटेवर बसला होता. मी चहाचा कप त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला. त्याचा हात कपाच्या अलीकडे गेला, मग पलीकडे गेला, मग स्टुलाच्या कडेवर थांबला. डोळा त्याचा उघडा होता.

“आलं ते,” तो म्हणाला.

आम्ही त्याच दिवशी पुण्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, आत बराच रक्तस्राव झालाय, कधीकधी आपोआप निवळतो, वाट बघू. आम्ही वाट बघितली. उजेड आणि अंधार एवढं त्याला कळत होतं, कुणी समोरून गेलं तर सावली हलल्यासारखं वाटे. अक्षर दिसत नव्हतं. राखून राखून ठेवलेली नजर न वापरताच गेली. ती नजर त्यानं निदान आमच्या तोंडांवर खर्च केली असती, भवानीनगरच्या चिमणीवर केली असती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

खंडेनवमीला आईनं घरातली हत्यारं मांडली. विळी, खुरपं, शिवणयंत्र आणि कॉम्प्युटर. मॉनिटरला झेंडूची माळ घातली. त्या दिवशी आणि दसऱ्याला मशीन चालू करायची नाही, हत्याराला विश्रांती, असं ती म्हणाली, आणि तसंही कुणाला चालू करायची हौस उरली नव्हती. दसऱ्याच्या संध्याकाळी लोक आपट्याची पानं घेऊन आले. जो तो दादाच्या हातात पान ठेवायचा आणि म्हणायचा, आता जरा फरक दिसतोय, चेहरा टवटवीत झालाय, निवळतंय. दादा प्रत्येकाला व्हय म्हणायचा. मला त्या सगळ्यांना उंबऱ्याबाहेर घालवावंसं वाटत होतं. खोटं बोलायचं तर निदान वेगवेगळं तरी बोला. पण सणाच्या दिवशी मीही हसून पानं वाटत होते.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी, दुपारी जेवण झाल्यावर, दादा आपणहून म्हणाला, मशीन लाव. मला वाटलं, वेळ जात नसेल. त्यानं ती गुणाकाराची फाइल उघडायला सांगितली आणि ते नाव खोडून पुन्हा लिहायला लावलं. त्याला माझाच संशय आला होता, की आडवी रेघ घालताना मीच काहीतरी चुकतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच नाव मी इतक्या वेळा लिहिलं होतं. तरी खोडलं आणि जसंच्या तसं, तेच, पुन्हा लिहिलं. चालवलं. ओळी गेल्या आणि पडदा थांबला.

मी काही वाचत नाही म्हटल्यावर दादानं विचारलं, लाइट गेली का? मी म्हणाले, लाइट आहे. एरर नाही.

आई दारातून ऐकत होती. ती आत आली, तिनं हात जोडले आणि म्हणाली, “मी म्हणत हुते. दसरा झाल्याबिगर काय व्हायचं न्हाय. तुमीच घाई केली.” ती आनंदानं म्हणाली, टोचून नाही. तिचा मुलगा दिसत नसलेल्या डोळ्यानं तिच्याकडे वळून बसला होता आणि ती देवाला साखर ठेवायला आत गेली.

दादानं खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाला, मदतनीस फाइलींच्या कप्प्यात जा आणि प्रत्येक तयार फाइलची तारीख वाच. तारखा मला त्यानं आजवर कधी वाचायला सांगितल्या नव्हत्या. मी वाचायला लागले. गुणाकाराच्या फाइलवर आजची. त्याखाली भागाकाराची, तिच्यावर दसऱ्याची. मी म्हणाले, दसऱ्याला तर आपण मशीनला हातच लावला नाही, माळ घातलेली होती. आणि हे म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

त्यानं मला समजावलं, अगदी सावकाश, परीक्षेआधी शिकवावं तसं. कुठला तुकडा नव्यानं कापायचा आणि कुठला आहे तोच वापरायचा, हे मेक नावाचा प्रोग्राम तारखा बघून ठरवतो. मूळ फाइल तयार तुकड्यापेक्षा नवी असेल, तरच तो पुन्हा कापतो. आम्ही आईसाठी मशीनला दसरा दाखवला, त्या दिवशी तयार झालेल्या तुकड्यांवर दसऱ्याची तारीख बसली. नंतर खरी तारीख आली. मग मी रेघ घालो की काढो, माझी प्रत्येक दुरुस्ती मेकच्या लेखी दसऱ्याच्या आधीची, म्हणजे जुनीच होती. तो तिच्याकडे बघतच नव्हता. पहिल्या दिवशीचा चुकीचा तुकडा तसाच पुढे जात होता. कर्नलचा कप्पा आम्ही धुऊन काढला, कंपायलर उकलून परत बांधला, आणि ह्या कोपऱ्यातल्या कप्प्यातले तयार तुकडे कुणी पुसलेच नाहीत. खरा दसरा उलटला आणि त्यानंतर ती फाइल पहिल्यांदा जतन केली, तेव्हा कुठे ती नवी ठरली. म्हणजे अगदी दुसऱ्याच दिवशी, एका आडव्या रेघेसरशी, सगळं झालं असतं. तेव्हा त्याचा डोळा होता.

वरच्या ओळींमध्ये रोज एक ओळ यायची, ती मला आता आठवली. त्या मदतनीस कप्प्याचं नाव आणि पुढे ‘अप टू डेट’. एरर नाही म्हणून मी ती त्याला कधी वाचून दाखवली नाही, आणि मला वाटायचं, चला, निदान एवढं तरी ठीक आहे.

“आईला सांगू नको,” दादा म्हणाला.

आम्ही नाही सांगितलं. ती जाईपर्यंत नाही. शेजारीपाजारी ती मोठ्या अभिमानानं सांगायची, कॉम्प्युटर झाला तरी त्याला मुहूर्त लागतो. त्या वेळी मी तिथून उठून जायचे.

राहिलं ते एवढंच, की तो जोडलेला कर्नल केबलमधून बोर्डात पाठवायचा आणि बोर्डाला वीज द्यायची. ते त्याच संध्याकाळी केलं. दादा पडद्यासमोर बसला, जसा तो इतके दिवस मनात बसत आला होता. मी बटण दाबलं. जुन्या हिरव्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ओळ आली. मी वाचली, “मी उठलो.”

“परत वाच,” तो म्हणाला.

मी परत वाचली. त्यानं बटण बंद करून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तीच ओळ. त्यानं हात पुढे करून पडद्याच्या काचेवर ठेवला. काच नुसती कोमट होती.

“खोटं तर बोलत न्हाय ना तू?” त्यानं विचारलं.

मी आईची शपथ घेतली. तो बरं म्हणाला, आणि तो कसा म्हणाला त्यावरून मला कळलं, की त्याला पटलेलं नाही. का पटावं? नजर गेल्यापासून सगळं गाव त्याच्या तोंडावर गोड खोटं बोलत होतं. मी रविवारी बारामतीहून मामाला बोलावून घेतलं. मामानं ती रोमन अक्षरं लावून लावून वाचली. दादा हसून म्हणाला, मामाला चांगलं पढवलंस. मग मी रेडिओवाल्याकडून एक छोटा बझर आणला, आणि दादानंच शिकवलेल्या गोष्टी जोडून जोडून कर्नलमध्ये चार ओळी घातल्या, की ओळ उमटली की बझर वाजावा. त्यात माझे दिवाळीपर्यंतचे दिवस गेले. तो वाजला. दादानं नीट ऐकून घेतला.

“बझर काय, सेल लावला तरी वाजतो,” तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं बोर्डाचं नाव काढलं नाही. आता तो बारामतीला मामाच्या मुलांबरोबर राहतो, हातानं चाचपून मोटारी भरतो, आणि काम चांगलं करतो. मी महिन्यातून एकदा जाते. कधीतरी जेवताना, मध्येच, दुसरंच काही बोलणं चालू असताना तो विचारतो, त्या दिवशी खरंच आलं होतं का गं. मी म्हणते, आलं होतं, दादा. तो बरं म्हणतो आणि भाकरी मोडतो.